पटलावर ठेवलेलं उत्तर

नागपूरला हिवाळी अधिवेशन लागलं की लोक मोर्च्यांना आणि अडवलेल्या रस्त्यांना शिव्या घालतात. माझा राग वेगळा आहे. आमच्या शिक्षण खात्यात त्या दिवसांत फक्त उत्तरं पिकतात, आणि ती पिकवणारा कारकून मी होतो. रजा रद्द, रविवार रद्द, सकाळ-संध्याकाळ आमदारांचे तारांकित प्रश्न. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि वर आमदारांचे उपप्रश्न झेलायचे. उत्तर मंत्र्यांचं असतं हा भोळ्या लोकांचा समज आहे. ते माझ्यासारखा कोणीतरी तर्री-पोह्यांची बशी बाजूला सारून लिहितो.

प्रश्नाचा साचा ठरलेला. हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा साहेबांनी ठरवून टाकलेला. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ लिहायचं. मग खालचे सगळे भाग जागच्या जागी मरतात, त्यांच्यापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून मोकळं व्हायचं. ‘हे अंशतः खरे आहे’ लिहिणाऱ्याला साहेब म्हणायचे, हात दाखवून अवलक्षण कशाला? नुसतं ‘हे खरे आहे’ असं उत्तर त्यांच्या हाताखालून गेलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी यादीत एक प्रश्न आला. नागपूर जिल्ह्यात खाप्याच्या पलीकडे नदीकाठच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्यांचं छत धोकादायक झालं आहे, मुख्याध्यापिकेने वारंवार अर्ज करूनही दुरुस्ती होत नाही, हे खरे आहे काय? मी तो दोनदा वाचला. ती मुख्याध्यापिका माझी सख्खी थोरली बहीण. तिचे तिन्ही अर्ज मीच आवक नोंदवहीत चढवले होते. एका अर्जाला तिने फोटो जोडला होता, त्यात तुळईचा सळ्या बाहेर आलेला भाग स्वच्छ दिसत होता.

मी साहेबांसमोर गेलो. म्हटलं, “साहेब, अर्ज आपल्याकडे पोचलेले आहेत. फोटोसकट.”

साहेबांनी मानही वर केली नाही. “बहीण ना तुमची? तिचे अर्ज आमदारांच्या हाती कसे गेले, याची चौकशी लावू का? शिस्तभंग होतो, माहीत आहे ना? तिला निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. उत्तर संध्याकाळपर्यंत द्या.”

आपलेच दात, आपलेच ओठ. मी जागेवर आलो आणि लिहिलं. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. हे तिच्यासाठी करतोय असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला लगेच पटलं, याचाच आज संताप येतो.

ज्या दिवशी तो प्रश्न होता, त्या दिवशी मी विधानभवनात खात्याच्या खोलीत फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला वाटत होतं, आपला प्रश्न पुकारला जावा, त्या आमदाराने उठावं आणि उपप्रश्नात फोटो दाखवून मंत्र्यांना खोटं पाडावं. माझी नोकरी गेली तरी चालेल, इथवर मी त्या खुर्चीत बसून शूर झालो होतो. पण वरच्याच कुठल्याशा प्रश्नावर गोंधळ झाला, सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, कामकाज तहकूब झालं आणि प्रश्नोत्तरांचा तास संपला. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली. म्हणजे कोणी वाचायची नाहीत, पण दिली असं समजायचं.

मी समजत होतो, झालं गेलं, कागद गेला रद्दीत. तिथे माझी अक्कल कमी पडली. जानेवारीत ताईचा चौथा अर्ज आला, तेव्हा साहेब हसले. “आता तर दुरुस्ती करताच येणार नाही. सभागृहाला आपण सांगितलंय, छत चांगलं आहे. आज दुरुस्ती मंजूर केली तर उत्तर खोटं ठरेल. उद्या कोणी हक्कभंग आणला तर मंत्री कोणाला धरतील? लिहा, सभागृहात दिलेल्या उत्तरानुसार खोल्या सुस्थितीत आहेत, अर्ज निकाली.” मी तेही लिहिलं. खाली सही साहेबांची, पण अक्षर माझं, आणि ताई माझं अक्षर लहानपणापासून ओळखते.

चौथ्या दिवशी ती एसटीने आली. इतवारीतल्या माझ्या घरी न जाता थेट कचेरीत. पोरं दोन महिने व्हरांड्यात थंडीत बसली होती, आणि आता या पत्राच्या आधारावर वरून फोन आला होता, वर्ग खोल्यांत भरवा. तिने पत्र माझ्यापुढे ठेवलं.

“हे तूच लिवलं नं गा?”

“साहेबानं लिहाले लावलं, ताई. तुही चौकशी लागली असती. तुह्यासाठीच...”

“मह्यासाठी?” सगळी कचेरी ऐकत होती, तिला त्याचं काही नव्हतं. “मी म्हटलं होतं का तुले? लागू दे नं चौकशी! मी काय चोरी करून राहिली का? त्या खोलीत तिसरीची पोरं बसवाले सांगून राहिले गा. बावीस पोरं.”

मी मान खाली घातली. राग तिचा येत होता, साहेबांचा येत होता, आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त.

मग तिचा आवाज खाली आला. “मले एवढंच सांग. सोमवारी पोरं त्या खोलीत बसवू का नको?”

“नको वं ताई,” मी म्हणालो. “अजिबात बसवू नको.”

“मंग हेच लिवून दे.”

तिने माझ्याच टेबलावरचा कोरा कागद उचलून माझ्यापुढे सरकवला. पेन माझ्या हातातच होतं. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ती बराच वेळ उभी राहिली. मी लिहून दिलं नाही.