पांढऱ्या शर्टांचा बचाव

दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

कोरोनात विमानं बंद झाली आणि मी टिलबर्ग या डच शहरात मुलाच्या घरी अडकलो. प्रकाश दिवसभर दार लावून ऑफिस करायचा. नात सई कॉलेजात. तिच्या कॉलेजची फुटबॉल टीम होती. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन. लांबुडका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं.

सराव बंद होता. कोचनं सईला एका हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग दिलं होतं. आपला बचाव कुठे फुटतो ते शोधायचं आणि व्हिडिओ कॉलवर सांगायचं. पटलं तर बचावाची असिस्टंट कोच ती. पोरगी जेवायलाही लॅपटॉपसमोरच बसायची.

आता मी काय गप्प बसणार? शाळा चौथीत सुटली, पण तालुक्याच्या कबड्डी संघाचा कप्तान होतो. बचाव मला कुणी शिकवू नये.

एकदा बघितलं आणि कळलं. पांढऱ्या शर्टांचे दांडगे गडी खांद्याला खांदा लावून उभे. निळे शर्टवाले त्यांच्यावर धावून येतायत. धावून येतो तो चढाईवाला, साखळी धरून थांबतो तो बचाववाला. यात विचारायचं काय?

कॉलवर कोच आला. यान नावाचा, दाराएवढा माणूस. सईनं तोंड उघडायच्या आत मी खुर्ची पुढे ओढली.

"सांग त्याला, पांढऱ्यांची साखळी उत्तम आहे."

"आजोबा, पण पांढरे..."

"मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही. सांग."

तिनं सांगितलं.

"मागचा तो चेंडूवाला पोरगा. तान्हं मूल जपावं तसा जपलाय. एक गडी जागा सोडत नाही."

"आजोबा, वन मिनिट, ऐका ना..."

"आणि निळे म्हणजे नुसता गोंधळ. धावतात, आपटतात. यांना खेळ शिकवला कुणी? त्याला घरी बसवा म्हणावं."

सईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग कोचकडे वळून शब्दन् शब्द सांगितला.

मला चेव आला. मी उठून कोपऱ्यातली पकड करून दाखवली. पकडायला उभा दिवा होता. तो पडला.

शेजारच्या खोलीतून प्रकाश म्हणाला, "बाबा, हळू. साहेबांना तुमची कबड्डी ऐकू जातेय."

मग यान काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, निळे आपले आहेत." सई शांतपणे म्हणाली. "ह्या गेममध्ये बचाव धावून जातो, आजोबा. चेंडू पांढऱ्यांकडे होता, अटॅक ते करत होते. आणि निळ्यांना यानने शिकवलंय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"मोठी माणसं बोलत होती."

मी चहा टाकायला उठलो. पुढचं सगळं सईनं एकटीनं सांगितलं आणि जागा तिला मिळाली.

मैदानं उघडल्यावर तिनं बचावाचा पहिला डाव बसवला. एक गडी समोर उभा राहून आरडाओरडा करतो, हातवारे करतो. सगळे त्याच्याकडे बघत राहतात, आणि खरं काम मागून दुसराच करून जातो.

त्या डावाचं नाव तिनं 'आजोबा' ठेवलंय. सगळी डच पोरं मैदानात तेच ओरडतात.

रागावणार कुणावर? डाव दर वेळी चालतो म्हणे.