नऊ पुरुष आणि बाइंडरताई

"प्रार्थनेला लागणाऱ्या दहांत मला धरायचं नसेल तर धरू नका, पण मग शिकायलाही कोणाला माझ्याकडे पाठवू नका," असं बाइंडरताई एकदा सिनेगॉगच्या, ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, विश्वस्तांना तोंडावर म्हणाली होती. ते हसले आणि पुढच्याच आठवड्यात मुलं पाठवली. तिनंही शिकवलं.

जुनी पुस्तकं बांधणं हा तिचा धंदा. बापानं तिला सरस लावायला शिकवलं, दोरा ओवायला शिकवलं आणि घरात मुलगा नाही म्हणून हिब्रूही शिकवली. छापखान्यात बांधणीच्या टेबलाशी बसलेली ती पहिली बाई. सिनेगॉगच्या सभेत मत देणारी पहिली, मुलांना पाठ देणारी पहिली, यंदा विश्वस्त मंडळावर निवडून आलेलीही पहिली. ज्यू बायकांच्या कर्तबगारीचा एक फलक सिनेगॉगच्या दाराशीच भिंतीवर लावला होता, त्यावर तिचा फोटो होता. पहिलेपणाची नुसती रांग, पण दहांत काही तिचा नंबर लागेना.

त्या दिवशी बापाला जाऊन वर्ष झालं. मृतासाठी म्हणायची प्रार्थना, कद्दिश, दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही, आणि ती सूर्य मावळायच्या आत व्हायला हवी होती. बाकांवर नऊच पुरुष होते. त्यातल्या सहांना हिब्रूची अक्षरओळख तिनंच करून दिलेली.

"येईल कोणीतरी," अध्यक्ष म्हणाले.

"तासभर हेच ऐकतेय. मी आहे ना दहावी."

"झालं हिचं सुरू," तिचा चुलतभाऊ कुरकुरला. "अगं, भिंतीवर फोटो लावलाय तुझा. अजून काय हवं?"

"फोटो उतरवा. मला मोजा."

"माझ्या हातात असतं तर..." अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्याच हातात होतं. गेल्या सभेत बायकांना दहांत धरायचा ठराव पुढं कोणी ढकलला?"

अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात कोणाला तरी नळवाला आठवला. तो मागच्या मोरीत वॉशर बदलत होता आणि समाजातलाच होता. ओल्या हातांनीच त्याला आणलं, डोक्यावर टोपी ठेवली.

"मला एक अक्षर येत नाही हां," तो म्हणाला.

"नुसता उभा राहा."

"ते जमतं. घरी बायकोपुढं रोज तेच करतो."

सगळे हसले. हिब्रू उजवीकडून वाचतात; त्यानं प्रार्थनेचं पुस्तक डावीकडून उघडलं. ताईनं ते त्याच्या हातात फिरवून ठेवलं, पान काढून दिलं.

"दहा झाले. आता मी म्हणते," ती म्हणाली.

"मुलगा नसला की पुतण्या म्हणतो, ताई. रीतच आहे," अध्यक्ष म्हणाले.

चुलतभाऊ पुढे झाला. लहानपणी शिकवणी बुडवून हा गल्लीत खेळत बसायचा. ताईनं वर्षभर हातातल्या सुईदोऱ्याबरोबर ती प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हटली होती. तो दुसऱ्या ओळीला अडखळला, मागे गेला, पुन्हा तिथंच अडखळला. मग सवयीनं सहाच्या सहा माना तिच्याकडे वळल्या. चुलतभाऊही पाहू लागला.

पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. बापानं शिकवलेला शब्द. तिनं तो गिळला, बाकावरची पिशवी उचलली आणि नळवाल्याच्या शेजारून दाराबाहेर निघून गेली.