मेलबर्नसाठी केलेला गुडघा

माझ्या बायकोने उजवा गुडघा बदलून घेतला तो मेलबर्न बघायला. तिला तसं मेलबर्नचं काही पडलेलं नव्हतं. पाचूबंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि वसईच्या बाजारात नेऊन विकायची, यात जन्म गेला तिचा. पण एकुलती मुलगी तिकडे, नात तिकडे, आणि मुलगी फोनवर एकच सांगायची, मम्मी, इथे फार चालावं लागतं, आधी गुडघा कर. केला. डॉक्टरने आत चकचकीत स्टील घातलं. शुद्धीवर आल्यावर बाईने पहिलं वाक्य काढलं ते असं, "आता मला राखेने घासत जा."

चालायला लागली. व्हिसाही आला. मग साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली ती परत आणली ती पेटीतून. गुडघा नवाकोरा तसाच मातीत गेला. बाजारापर्यंतसुद्धा नीट वापरून झाला नव्हता.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या चर्चच्या मागे दफनभूमी आहे. तिथे कायमची कबर जुन्या चार घरांची, त्यांच्या आजोबांनी केव्हा तरी करून ठेवलेली. बाकी आम्हा सगळ्यांना पाळीपाळीने. माणूस पुरायचा, काही वर्षं त्याला झोपू द्यायचं, मग खड्डा उघडून हाडं काढायची आणि जागा पुढच्याला द्यायची. जमीन आमची रेताड, काम लवकर उरकतं. घरचं माणूस हजर असेल तर हाडं फडक्यात बांधून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, वर नावाची पाटी लावतात. कोणी आलं नाही तर कोपऱ्यात एक कोरडी विहीर आहे, तीत सगळ्यांबरोबर. त्यात वाईट काही नाही. माझा बाप त्या विहिरीतच आहे आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही.

तिची वर्षं भरली तेव्हा एका रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, या खेपेला तुमच्या मिसेसची पाळी आहे. फादर चांगला माणूस, पण मला रेशनच्या रांगेत नंबर आल्यासारखं वाटलं. जन्मभर ही बाई बाजारात बसायच्या जागेसाठी भांडली. सकाळी कोणी तिच्या जागेवर मासळीची पाटी ठेवली तर ती पाटी मालकिणीसकट उचलून बाजूला करायची. आणि आता तिला उठवायचं, का, तर दुसरं कोणी येणार.

मी मुलीला फोनवर सांगितलं. ती रडली. मग तिने नाक शिंकरलं आणि हुकूम काढला की पप्पा, तुम्ही त्या दिवसांत तिकडे राहायचंच नाही, इथे या, तिथलं सगळं दादा बघेल. दादा म्हणजे माझा पुतण्या. टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही बिनधास्त जावा, मी हाय ना." हा मुलगा स्वतःच्या साखरपुड्याला दोन तास उशिरा आला होता आणि वरून विचारत होता की जेवण सुरू झालं का.

पण मी गेलो. मला ते बघायचं नव्हतं, बस. समुद्रावर मी काय काय बघितलंय. फुगून आलेलं माणूस जाळ्यातून काढलंय आणि संध्याकाळी त्याच हाताने जेवलोय. पण हे नको होतं. विमानात बसलो तेव्हा बरंच हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मेलबर्न स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की थुंकायचं म्हटलं तरी माणसाला परवानगी कुठे मिळते ते विचारावंसं वाटतं. जावई कामावर जायचा, नात शाळेत. मी खिडकीत बसून ट्राम मोजायचो. मुलीला ते बघवेना. तिने रजा टाकली आणि शहराचा इतिहास दाखवणाऱ्या एका फेरीत आमची दोघांची नावं घातली. जुन्या इमारती, जुनी माणसं, सगळं चालत चालत दाखवतात. मी म्हटलं, मी काय कमी जुना आहे का, मलाच दाखव. तिने जावयाचा स्वेटर माझ्या अंगात घातला आणि मला दाराबाहेर काढलं.

फेरी दाखवणारी बाई माझ्याच वयाची, टोपीवाली, हातात मिटलेली छत्री. आम्ही धरून दहा-बारा जण. बाई पाच मिनिटं बोलायची आणि मुलगी मला मराठीत सांगायची, "जुनी आहे." पुढच्या इमारतीशी बाई परत पाच मिनिटं. मुलगी म्हणायची, "ही पण." शेवटी मी तिला म्हटलं, तू शाळेत फीचे पैसे बुडवलेस माझे. मग ती जरा नीट सांगायला लागली.

पहिली गोष्ट जमिनीची. पूर्वी तिथे तिथलीच काळी माणसं राहायची. मग एक गोरा आला आणि त्याने त्यांना घोंगड्या, कुऱ्हाडी, आरसे असलं देऊन सगळी जमीन घेतली, आणि कागदावर त्यांच्या खुणा करून घेतल्या. दहा-बारा जणांनी माना हलवल्या, अरेरे केलं. मला त्यात नवीन काही दिसेना. आमच्याकडे बिल्डरने वाड्या घेतल्या आणि फ्लॅट दिले. घोंगडी निदान गळत तरी नाही.

मग स्टेशन. त्याच्या दारावर ओळीने घड्याळं आहेत आणि गावातली सगळी प्रेमं त्या घड्याळांखाली सुरू होतात म्हणे. मग जुना तुरुंग, जिथे माणसं फाशी द्यायचे. आत जायला तिकीट. मी आत गेलो नाही. आपल्याकडे फुकट टाकतात.

मध्येच टोपीवाल्या बाईने मला विचारलं, तुम्ही कुठले. मी मुलीला म्हटलं, तिला सांग, आमच्याकडे याच्या तिप्पट जुना किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, आणि आम्ही त्याच्या भिंतीला बांबू टेकवून बोंबील वाळवलेत. बाईला फार आनंद झाला. तिने विचारलं, किल्ला नीट जपलाय का. मी म्हटलं, हो म्हण. पोरं-पोरी लग्नाआधी तिथे फोटो काढायला येतात आणि जाताना भिंतीवर बदाम काढून आत नावं लिहून जातात. मुलीने यातलं काय सांगितलं माहीत नाही. "येस" एवढंच मला ऐकू आलं.

एका बागेत एक दगडविटांचं बुटकं घर होतं. हे घर तिथलं नव्हेच. समुद्रापलीकडे विलायतेत होतं. ज्या कप्तानाने तो मुलूख शोधला म्हणतात, त्याच्या आईबापाचं. तिथून ते मोडलं, एकेका विटेला नंबर घातला, पेट्यांत आणि पिंपांत भरून बोटीवर चढवलं आणि इथे आणून परत उभं केलं. घरावर वेल होता, त्याची फांदीसुद्धा आणली. आणि गंमत अशी की कप्तान त्या घरात कधी राहिला होता का, हे कोणालाच धड माहीत नाही. मला तिथे फार हसू आलं. पेट्यांतून घर आणतात हे लोक. मुलगी म्हणाली, पप्पा, हळू हसा. मी म्हटलं, तुझी आई असती तर तिने विचारलं असतं, घर आनलं तर मानसं कुठं ठेवली?

हे मी गमतीने बोललो. पण मुलगी मला सोडून पुढे टोपीवाल्या बाईशेजारी चालायला लागली.

शेवटी बाजार आला. पत्र्याच्या लांबच लांब छपरांचा मोठा जुना बाजार. भाजी, चीज, चपला, सगळं आहे. मासळीच्या भागात शिरलो तर डोळ्यांत पाणी यायची वेळ. वासाने नाही, वास नव्हताच. बर्फावर मासे ओळीने ठेवलेले, प्रत्येकाच्या अंगावर किमतीची चिठ्ठी, आणि कोणी ओरडत नाही. गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, नेतं. माशाचा कल्ला उचलून ताजा आहे का कोणी बघत नाही. माझ्या बायकोने हे बघितलं असतं तर तिथेच मांडी घालून बसली असती आणि अर्ध्या तासात त्या गोऱ्यांना एकमेकांची आयमाय काढायला शिकवलं असतं.

बाहेर छपरांच्या टोकाला टोपीवाल्या बाईने सगळ्यांना थांबवलं. पुढे गाड्या लावायची मोकळी जागा होती. बाई हळू आवाजात बोलायला लागली. मुलगी काही सांगेना.

मी विचारलं, काय म्हणते. ती म्हणाली, काही नाही, जुना बाजार आहे. मी चार इयत्ता शिकलेला माणूस, पण दहा जण एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले तर खाली काही तरी आहे एवढं मला कळतं.

"खाली काय आहे?"

मुलीने ट्रामकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "माणसं."

तेव्हा तिने सगळं सांगितलं. शहराची पहिली दफनभूमी तिथे होती. शहर वाढलं, बाजाराला जागा पुरेना, मग बाजार कबरींवर सरकत गेला. ज्यांच्या दगडावर नाव होतं, ज्यांच्यासाठी घरचं कोणी पुढे आलं, त्यांना उचलून दुसरीकडे नेलं. थोडेच होते ते. हजारो खालीच राहिले. वर छप्पर आलं, गाड्या आल्या, कांदे आले.

"आणि बाकीच्यांचं काय?"

"त्यांचं कोणी आलं नाही, पप्पा."

मी तिथेच उभा राहिलो. बाजूला एक बाई पिशवीत कांदे भरत होती, एकेक निवडून. बाजाराखाली पडायला माझ्या बायकोची काही हरकत नसती. उलट खालून भाव सांगितले असते तिने. विहिरीचंही तिला काही वाटलं नसतं, तिथे माझा बाप आहे, त्याच्याशी तिचं चांगलं जमायचं. पण कोणी आलं नाही हे तिला चाललं नसतं. होडी लागली आणि मी उतरून धक्क्यावर वेळेत दिसलो नाही तर ही बाई सगळ्या पाचूबंदराला ऐकू जाईल असं माझं नाव काढायची. आणि आता तिच्यासाठी कोण उभं राहणार होतं? साखरपुड्याला उशिरा आलेला.

मी मुलीला म्हटलं, तिकीट बदल.

ती म्हणाली, दादा आहे ना तिकडे. मग म्हणाली, अजून तुम्ही समुद्रसुद्धा बघितला नाही इथला. मी म्हटलं, समुद्र मी बघितलाय. तेव्हा ती रस्त्यातच रागावली. आईसारखीच रागावते, कमरेवर हात ठेवून.

"तुम्हाला बघवणार नाही ते."

"नाही बघवलं तर नाही. उभं राहायचंय मला तिथं."

टोपीवाली बाई काळजीने विचारत होती की बाबांना बरं वाटत नाहीये का. घरी जाताना ट्राममध्ये मुलगी फोनवर माझं तिकीट बदलत होती. स्टॉप आला तेव्हा एवढंच म्हणाली की त्या वेळी मला फोन लावा, मला पण उभं राहायचंय.

खड्डा उघडायच्या सकाळी मी उजाडताच जाऊन बसलो. नवीन पांढरं फडकं घेऊन. पुतण्या उशिरा आला. टेम्पो पंक्चर झाला म्हणे. मी त्याच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, हा नीट धर, तेवढं तरी कर. फोनमध्ये मुलगी, मागे तिचं स्वयंपाकघर. फादरने प्रार्थना म्हटली. मग खणणाऱ्याने हळूहळू रेती बाजूला केली.

मी बघितलं. न बघण्यासारखं काही नव्हतं. चहाच्या रंगाची हाडं, कोरडी, स्वच्छ. माझ्या बायकोपेक्षा खूप हलकी. एकेक मी फडक्यात घेत गेलो. खणणारा खाली वाकला आणि त्याने काही तरी बाहेर काढून सदऱ्याला पुसलं. गुडघा. उन्हात असा चमकला की पुतण्याने फोन खाली केला.

"बाबा, हे तुमच्याच मानसाचं ना?" खणणारा म्हणाला. "वापरल्यासारखं दिसत नाय."

मी म्हटलं, आमचंच. पुतण्या म्हणाला, काका, लोक असलं कप्प्यात नाय ठेवत, भंगारात देतात, चांगलं स्टील हाय. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने फोन परत वर धरला. मुलगी बराच वेळ त्या गुडघ्याकडे बघत होती. मागे तिचा कुकर शिट्ट्या मारत होता, तो बंद करायचंही तिला सुचलं नाही.

"आरामात चालली असती हो मम्मी इथे," ती म्हणाली.

मी गुडघा हाडांबरोबर फडक्यात बांधला.

कप्पा मिळाला तो सगळ्यात वरच्या रांगेतला. खालचे भरले होते. मी फादरना म्हटलं, जन्मभर जमिनीवर बसून मासळी विकली, आता हिला माळ्यावर चढवता. ते हसले आणि म्हणाले, वरून तिला समुद्र दिसेल. दिसत नाही. मी बघितलंय, मध्ये पाण्याची टाकी येते.

रविवारी मेणबत्ती लावायला जातो तेव्हा चर्चमधून लोखंडी स्टूल ओढत न्यावं लागतं. त्यावर चढताना माझे दोन्ही गुडघे असे वाजतात की शेजारच्या कबरीवरची बाई वळून बघते. वर पोचलो की पाटीला हात टेकून जरा दम खातो आणि बायकोला दोन शिव्या घालतो. नवा होता तो घेऊन आत बसली आहे.