सहा नंबर मोकळा ठेवा

कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी काका उंबऱ्याशी थांबायचे, उजवा हात कानामागे धरायचे आणि डोळे बारीक करून क्षणभर गप्प उभे राहायचे. मग म्हणायचे, "आधी आयकून घ्यावं, मंग बोलावं." आलेले असायचे आमचं वायफाय बघायला. आता वायफायला आवाज नसतो, हे आमच्या जव्हारमधलं चौथीतलं पोरही सांगेल. मी पडले शिक्षिका, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना तसं सांगून टाकलं. "नसतोच, बाई," असं म्हणून काकांनी मान डोलावली आणि हात पुन्हा कानामागे नेला.

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल. त्याची एखादी लकब असते, तिला आपण हसतो, आणि ती आली कुठून हे विचारायचं मात्र राहून जातं.

काका मूळचे खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरचे. जन्म गेला टेलिफोनच्या खांबांवर. लाइनमन म्हणून त्यांनी मोखाड्यापासून खालपर्यंतच्या तारा जोडल्या, आणि वाऱ्यावादळात पडलेल्या पुन्हा जोडल्या. त्या काळी दोन तारा एकमेकींना चिकटल्या की बोलणी मिसळायची. एक व्यापारी भाताच्या गोण्यांची चौकशी करायचा आणि त्याला उत्तर म्हणून कुणाच्या तरी जावयाची तक्रार ऐकू यायची. काका खांबावर बसून रिसीव्हर कानाला लावायचे आणि कोण कुणाच्या बोलण्यात घुसलंय ते शोधायचे. निवृत्त झाल्यावर खांब सुटला, पण शोधायची खोड काही सुटली नाही.

आमची वसाहत टेकडीच्या उतारावर आहे. दोन रांगा, भिंतीला भिंत लागून बारा घरं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एक नर्सबाई, अशी सगळी नोकरदार मंडळी, निवृत्त असे एकटे काकाच. टेकडीआड मोबाइलला रेंज नाही, म्हणून एकाचं बघून दुसऱ्याने करत बाराही घरांत वायफाय आलं आणि संध्याकाळ झाली की बाराही घरांतलं रडायला लागलं. आम्ही सगळे केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो. काका मात्र म्हणाले, "त्याचा काय दोष नाय. तुमची तुमच्यातच मारामारी हाय."

त्यांनी मोबाइलच्या दुकानात बसून कुठलंसं ॲप घालून घेतलं होतं. त्यात प्रत्येक घराचा वायफाय एकेका डोंगरासारखा दिसायचा, आणि आमचे सगळे डोंगर एकमेकांच्या अंगावर चढलेले. मी विज्ञान शिकवते, पण हे काही मला कळेना. तेव्हा काकांनी खोडाळ्याचा बाजार काढला.

"समजा, बाजारात तेरा जागा आखल्या. पण हरेकाचं फडकं ऐसपैस. दोन जागा इकडं पसरतं, दोन जागा तिकडं. मंग कोपराला कोपर न लागता किती जण बसतील?"

मी बोटांवर मोजलं. एक, सहा आणि अकरा. तीनच.

"मग बारा घरांनी करायचं काय?"

"एका जागेव दोघं-चौघं बसले तरी चालतं. ते एकमेकांना आयकतात, पाळीनं बोलतात. पण मधेच कुणी फडकं टाकलं ना, तर त्याचं बोलणं कुणालाच समजत नाय. नुसता गलका."

मला ही गोष्ट फार आवडली. त्या आठवड्यात मी ती वर्गातही सांगितली.

पहिला प्रयोग फसला. काकांनी तलाठ्यांच्या वायफायला अकरा नंबर, म्हणजे अकरावी जागा, लावून दिला, त्यांचं सुरळीत चालायला लागलं, आणि वसाहतीत बातमी पसरली की अकरा नंबर लाभतो. चार दिवसांत बाराही घरं अकरावर. काका दारोदार फिरून हात जोडत होते. शेवटी त्यांनी कागदावर यादी केली आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चिकटवली. पाच घरांना एक, पाच घरांना अकरा. मधेच तीन नंबर कुणी घेईल ही भीती नव्हतीच, कारण तीन तिगाडा काम बिगाडा. कुणी तरी तेरा मागून पाहिला, तर तलाठ्यांच्या आई कडाडल्या, "वसाहतीत तेरावं कशाला? अजून सगळे धडधाकट आहेत!" काका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

उरला सहा. तो त्यांनी पार टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंना दिला आणि दुसऱ्या टोकाला स्वतःला ठेवला. यादीखाली लिहिलं, 'सहा नंबर मोकळा ठेवा, ही विनंती.' कारण लिहिलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती नाशिकला शिवणकामाच्या कारखान्यात कामाला, राहायला तिथल्याच वसतिगृहात. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आपला कॉल अडकला तर आपण "हॅलो, हॅलो" करतो आणि चित्राविना का होईना, गाडी पुढे रेटतो. इथे सगळं बोलणं हातांचं. चित्र अडकलं की हात हवेत राहायचा आणि शब्द अर्धा.

एकदा मी तो कॉल बघायला मुद्दाम जाऊन बसले. चौकशा करायची मला हौस आहे, ते मी लपवत नाही. मुलीने माणसांना हातांनी नावं दिली होती. आईचं नाव, कपाळावर टेकवलेलं बोट, कारण काकूंचं कुंकू भलं मोठं. मला पाहिल्यावर तिने बोटाने नाकावरचा चष्मा वर सारल्यासारखं केलं. ते माझं नाव. माझ्या बारशाला मला इतका आनंद झाला नसेल.

"आणि काका, तुमचं नाव काय ठेवलंय?"

"ते तिलाच विचारा," काका म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. तेवढ्यात काकूंनी चहा आणला आणि माझं विचारायचं राहून गेलं.

आता माझा पराक्रम सांगते. माझ्या वाट्याला अकरा नंबर आला होता. त्या दिवसांत आमचं संध्याकाळचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालं आणि पाच घरांच्या पाळीत माझी पाळी काही येईना. काकांचं ॲप मीही घेतलं होतं. ते उघडलं, तर एक आणि सहाच्या मधे चक्क सपाट मैदान दिसलं. चार नंबरला कुणीच नाही! बाजाराची गोष्ट मीच वर्गात सांगितलेली, पण स्वतःची निकड आली की माणूस स्वतःचं शिकवणंही विसरतो. मी गुपचूप चार लावला. प्रशिक्षण झोकात झालं आणि मी स्वतःवर खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

काकांची खिडकी माझ्या ओट्यासमोर. सातला तिथे हात हलताना दिसायचे, ते दिसेनासे झाले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी काका दारात आले. हात कानामागे. पण आत येईनात.

"बाई, तुमच्याकडं काय नवीन हाय का?"

"नाही तर," मी म्हटलं.

ते ओट्यावरच टेकले. मग सावकाश सांगायला लागले.

"त्या दिशी पोर विचारत होती. तिच्या कारखान्यात एक मुलगा हाय, तिच्यासारखाच. लगीन करू का, असं विचारलं तिनं. मी म्हातारीला बोलवायला तोंड वळवलं आन तेवढ्यात चित्र अडकलं. तिला काय दिसलं? बाप तोंड फिरवून बसलाय."

"अरे देवा."

"मी नाय म्हणलो, असं वाटलं तिला. तवापासून फोन उचलत नाय."

"मग लिहून पाठवा ना, काका. मेसेज करा."

"केला. लिहिलं, मला पसंत हाय. तिकडून आलं, 'बरं.' एवढंच. तिला वाटतं, आईनं लिहायला लावलं. लिहिलेल्यात बापाचं तोंड कुठं दिसतं, बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मी चार नंबर घेतलाय," मी म्हटलं. "त्याच दिवसापासून."

"ठाऊक हाय. तुमचा डोंगर दिसला मला."

"मग बोलला का नाहीत? ओरडायचं तरी माझ्यावर!"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी रडले, हे सांगायला लाज वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी वसाहतीतल्या प्रत्येक दारात गेले, आपली चूक सांगितली आणि सात ते साडेसात सगळ्यांना वायफाय बंद ठेवायला लावलं. तलाठ्यांच्या आईंची मालिका बुडाली, पण त्यांनीच सगळ्यांत आधी बटण बंद केलं. काकांचा कॉल मुलगी घेत नव्हती, म्हणून मी त्यांच्याच वायफायवर माझ्या फोनवरून लावला. तिने उचलला. मी चष्मा वर सारला, तिनेही हसून तसंच केलं, आणि मी फोन काकांकडे वळवला.

तिचा चेहरा एकदम उतरला. काकांनी एकच केलं. होकाराची मान हलवली. एकदा नाही, दोनदा नाही, खांदे, छाती, कंबर, सगळं अंग त्या होकाराला लागलं. हलवतच राहिले, थांबेचनात. मुलगी आधी नुसती बघत होती, मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चित्र एकदाही अडकलं नाही. काकू माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या.

लग्न नाशिकला झालं. अक्षता पडल्यावर मुलीच्या मित्रमैत्रिणींनी टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, आणि आमच्या वसाहतीनेही तसेच हलवले. काकांनी तिथेही कार्यालयाच्या दारात थांबून हात कानामागे धरला होता. मी म्हटलं, "काका, निम्मा मांडव मुका आहे, ऐकताय काय?" ते म्हणाले, "गडबड किती हाय बघा!"

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मुलगी आणि जावई आले. तेराव्यापर्यंत राहिले. चौदाव्या दिवशी सकाळी आईला नाशिकला न्यायला त्यांनी जीप बोलावली. काकांचा राउटर मुलीने स्वतः भिंतीवरून काढला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिला. टाकीवरची यादी मात्र अजून आहे. शाई फिकी झालीये, पण सहावर अजून तरी दुसरं कुणी आलेलं नाही. मी रोज ॲप उघडून बघते.

सामान जीपमध्ये चढलं. काकू पुढे बसल्या. मुलगी कुलूप लावायला मागे आली आणि उंबऱ्याशी थांबली. रिकाम्या खोलीकडे बघत तिने उजवा हात उचलला आणि कानामागे धरला.

मी गोंधळले. मला वाटलं, मी काही बोलले असं तिला वाटतंय. मी तिच्यासमोर जाऊन मान हलवली, काही नाही, काही नाही. ती माझ्याकडे बघेना. हात तसाच कानामागे, आणि डोळ्यांतून पाणी.

जीपमधून काकू म्हणाल्या, "राहू द्या, बाई. ती आयकत नाय. बापाला हाक मारते."