नकाराचं कारण

विणकरांच्या सहकारी शेडमध्ये तिला सगळे घाईताई म्हणत. माग तिने कधी चालवला नव्हता, तो तिच्या आत्याचा प्रांत. ही कोपऱ्यातल्या टेबलावर मतदानाचा प्रोग्राम तपासत बसे. शेड विकायची की राखायची, यावर एकतीस विणकर उद्यापासून तीन दिवस मत देणार होते. प्रोग्राम ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून जपलेल्या नोंदींच्या साखळीवर जाणार, आणि एकदा गेला की त्यातलं अक्षरही कुणाला बदलता येणार नव्हतं.

पूर्वी चाचण्या इंटरनेटवरच्या सरावाच्या साखळीवर चालत, आणि उत्तर येईपर्यंत माणसाला जांभया येत. आता तिने लॅपटॉपच्या पोटातच लुटुपुटूची साखळी बसवली होती. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतल्या चाळीस चाचण्या दोन सेकंदांत हिरव्या, म्हणजे पास होत, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

आत्या चष्मा कपाळावर सरकवून डोकावली. तीन दिवसांची मुदत दोन सेकंदांत कशी तपासलीस, हे तिला कळेना. घाईताईने हौसेने दाखवलं: इथलं घड्याळ आपल्या हातात, हवं तितकं पुढे ढकलायचं. चौथ्या दिवशी एका विणकराने मत टाकलं आणि प्रोग्रामने ते नाकारलं, झालं.

“नाकारलं ते दिसलं,” आत्या म्हणाली. “पण का नाकारलं?”

आत्याची खोडच ती. धागा तुटला की गाठ मारण्याआधी तो कुठे घासला ते शोधायची. घाईताई मनातून चिडली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तिने नकाराचं कारण स्क्रीनवर काढलं: ‘या सभासदाने आधीच मत दिलं आहे.’ मुदतीचा त्यात संबंधच नव्हता. लिहायचा कंटाळा म्हणून तिने पहिल्या चाचणीत मत दिलेलाच विणकर पुन्हा वापरला होता.

आता तिने मत न दिलेला विणकर घेतला आणि घड्याळ पुन्हा चौथ्या दिवसावर नेलं. मत बिनबोभाट स्वीकारलं गेलं, चाचणी लाल. जावास्क्रिप्ट १९७० सालापासूनची वेळ मिलिसेकंदांत देतं, साखळी तीच सेकंदांत मोजते, आणि मुदत ठरवताना तिने हजाराने भागलंच नव्हतं. मतदान बंद व्हायला पन्नास हजार वर्षं लागली असती.

तिने चूक सुधारली, चाचण्यांना प्रत्येक नकाराचं कारणही तपासायला लावलं, आणि मान खाली घालून आत्याला सगळं सांगितलं.

“तीस वर्षं माझा माग इथे आहे,” आत्या म्हणाली. “निकाल काहीही लागो, माझ्या डोळ्यांदेखत लागू दे.” मग तिने स्टूल जवळ ओढलं. “नकारांचं झालं. आता बाकीच्या मतांना होकार का दिले, तेवढं दाखव.”