घोडा तबेल्यात

बोलता बोलता तो दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "घोडा तबेल्यात आहे." नाडी अडखळत असली तर म्हणायचा, "सुटला रे, सुटला." मग स्टाफरूममध्ये कोणीतरी उठून त्याला पाणी द्यायचं.

अंधेरीच्या आमच्या शाळेत तो गणित शिकवायचा, मी मराठी. मरोळच्या गावठाणात थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. स्वतः लग्न केलं नाही. पण गावठाणातलं एकही लग्न त्याच्या पेल्याशिवाय पार पडलं नसेल.

त्याच्या दुखण्याला डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन असं नाव दिलं. तेव्हा मी आणि त्याची बहीण त्याच्याबरोबर होतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दोन होत्या. एक ठोके आवरणारी, दुसरी रक्त पातळ ठेवणारी. त्याला मात्र गोळ्यांत रस नव्हता. घोडा बुजतो कशाने, एवढंच त्याला हवं होतं. प्रत्येक वेळी तो आरोपी शोधायचा. "काल जागून पेपर तपासले. गुन्हा कबूल." किंवा, "शनिवारी हळदीत जरा जास्त झाली." स्वतःच्या आजाराचं कौतुक असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, तो चर्चमधून कपाळावर राख घेऊन शाळेत आला. "ईस्टरपर्यंत दारू बंद," म्हणाला. दर वर्षी उपवासकाळात मटण सोडायचा. दारू पहिल्यांदाच सोडली. आणि घोडा खरोखरच शांत झाला. चेहऱ्यावर तकाकी आली. चर्चमध्ये लोक त्याची पाठ थोपटू लागले. त्याला ते आवडायचं.

रक्त पातळ झाल्यापासून दाढी करताना कापलं की लवकर थांबत नसे, यावर तो फार वैतागायचा. एका दुपारी डबा खाताना हनुवटी पुढे करून म्हणाला, "बघ, कापलं आणि लगेच थांबलं. ती पातळवाली बंद केली मी."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? कारण गेलं की परिणाम जातो. घोडा तबेल्यात, मग लगाम कशाला?"

"अरे, ती घोड्यासाठी नाहीच. ती गुठळीसाठी आहे. बरं वाटलं म्हणून सोडायची नसते."

"तू मराठीचा मास्तर. तुला काय कळणार समीकरण?"

मी हसलो नाही. संध्याकाळी त्याच्या बहिणीला फोन केला. ती त्याच्याशी कडाकडा भांडली. आम्हा दोघांनाही त्याने एकच उत्तर दिलं, "सण होऊ दे, मग डॉक्टरांना विचारतो."

ईस्टरच्या सकाळी दोघं भावंडं चर्चमधल्या मिस्साहून घरी आली. उपवास सुटायचा म्हणून बहिणीने त्याच्यापुढे वाईनचा पेला ठेवला. त्याने तो उचलला, पण ओठांपर्यंत पोचायच्या आतच पेला हातातून निसटला. तोंड एका बाजूला ओघळलं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा त्याने डाव्या हाताने माझं मनगट शोधलं, त्यावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मी निकालाची वाट पाहत राहिलो. "घो..." एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेवढंच. मग त्याने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. वर्गात चाळीस मिनिटं न थांबता बोलणारा माणूस.

महिन्याभरात तो गेला. दफन आटोपल्यावर लोक आपसांत बोलत उभे होते. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "पण उपवास कडक पाळला हो. शेवटपर्यंत थेंबाला शिवला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची बहीण माझ्या शेजारी उभी होती. ती फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "गोळीलाही नाही, सर."