उंदरांना शिफ्ट लावणारा रंगराव

वाघोलीच्या त्या फार्मसी कॉलेजात अकरा वर्षांत चार प्राचार्य होऊन गेले, पण उंदीरखाना एकट्या रंगरावच्या ताब्यात राहिला. हुद्दा ‘हंगामी मदतनीस’. हा हंगाम काही संपत नव्हता. कायम होण्यासाठी विभागप्रमुख श्रीनिवास सरांची एक शिफारस हवी होती, आणि सर पेठेतले. ते सकाळचं ‘नमस्कार’सुद्धा हिशोबाने खर्च करत.

ते २००५ साल. गावात ज्याच्या त्याच्या कानाला मोबाईल चिकटला होता. जमिनी विकलेल्यांच्या तर दोन्ही कानांना. अशात कोथरूडच्या कादंबरी नावाच्या मुलीने एम. फार्मच्या प्रबंधाला विषय घेतला, मोबाईलच्या लहरींनी उंदरांची श्रवणशक्ती जाते का? चोवीस पांढरे उंदीर आले, शेपटीवर नंबर पडले. पहिल्या बारांच्या पिंजऱ्यावर रोज सकाळी आठपासून तासभर चालू कॉलचा मोबाईल ठेवायचा, आवाज बंद करून. उरलेल्या बारांवर तसलाच मोबाईल, पण बंद. तीस दिवसांनी पडद्यामागून ठरावीक आवाजाचा खटका वाजवायचा आणि कुणाचा कान हलत नाही ते लिहायचं.

कादंबरी यायची दहाला. त्यामुळे आठचा कॉल लावायचं काम रंगरावकडे आलं. त्याने आठवडाभर ते चोख केलं आणि मग त्याचं डोकं फिरलं.

कॉलेजात येण्याआधी रंगराव भोसरीच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर होता. शिफ्ट दर सोमवारी बदलायची, खातं मात्र बदलायचं नाही. सुपरवायझरला याचं तोंड आवडत नव्हतं, म्हणून नऊ वर्षं याला त्या धडधडीतून हलवलंच नाही. युनियनने अर्ज केले, सुपरवायझरने त्यांवर भजी खाल्ली. पुढे बाहेरचा स्वस्त माल आला, कारखाना बंद पडला. रंगरावचा डावा कान त्याच्याआधीच कामातून गेला होता.

तर दुसऱ्या सोमवारी त्या पहिल्या बारा उंदरांकडे बघून त्याला राहवलं नाही. त्याने त्यांना बंद मोबाईलखाली बसवलं आणि आठवडाभर आराम केलेल्या बारांना चालूखाली. तास संपला की ज्याला त्याला आपापल्या पिंजऱ्यात परत. मग दर सोमवारी अदलाबदल. युनियनला जे जन्मात जमलं नाही ते त्याने एकट्याने करून दाखवलं, आणि त्या खुशीत बिडीही ओढली. कुणाला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. सरळ वागण्यात सांगायचं काय?

महिना संपला. खटका वाजला. चोवीसच्या चोवीस उंदरांचे कान सारखेच हलले. कादंबरीने तक्ते केले आणि सरांनी रंगरावला खोलीत बोलावलं.

“बसा,” सर म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “तुमच्या उंदरांनी निकाल दिलाय. दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. मोबाईलने ऐकण्याला धोका दिसत नाही, असं आम्ही लिहितोय. महिनाभरात तुमचा एक खाडा नाही. तुमच्यासारखा माणूस कायम नसणं हा या संस्थेचा विनोद आहे.” त्यांनी शिफारशीचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

रंगराव खुर्चीत पुढे सरकला. दोन गट? कुठले दोन गट? त्याच्या लेखी तर एकच गट होता, शिफ्टमध्ये काम करणारा. कादंबरी समोर उभी होती, मोबाईल कानाशी धरून घरी ही बातमी सांगत होती. गप्प बसला असता तर दोन मिनिटांत कायम झाला असता. तो स्वतःवरच चिडला आणि बोलला.

“सर, थांबा. फरक कुठून दिसंल? मी दर सोमवारी उंदरं बदलत हुतो.”

कादंबरीने फोन खाली घेतला. सगळं ऐकल्यावर तिचे डोळे भरले. “काका, अहो, एक शब्द विचारायचा तरी मला!”

“चुकलंच, ताई. पन त्याच त्या बारांनीच का सोसायचं? माझा कान गेला तवा मलाबी कुनी इचारलं न्हवतं.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “कादंबरी, नवे चोवीस मागवा, पहिल्यापासून करा. रंगराव, आठचा कॉल तुम्हीच लावायचा. खोटं सांगण्याची एवढी चांगली संधी वाया घालवणारा दुसरा माणूस मला मिळायचा नाही. फक्त या खेपेला कृपा करून न्याय करू नका.”

“अन् सही?”

“या वर्षी नाही. वरचे लोक विचारतील, पहिला प्रयोग कुणी बुडवला? मी काय सांगू?”

रंगराव “बरं” म्हणून उठला. सही हुकल्याचं त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. जिन्यात त्याने सरांना दोन शिव्याही घातल्या. पण उंदीरखान्याचं दार उघडताना त्याला बोचलं ते वेगळंच. आता येणाऱ्या बारा जणांना पुरे तीस दिवस एकाच खात्यात बसायचं होतं, आणि या वेळी त्यांना तिथे बसवणारा सुपरवायझर तो स्वतः होता.